पार्ट्स काउंटरचं पीओएस: बिलाच्या आधी आणि बिलानंतर

गाड्यांच्या डीलरशिपमध्ये पार्ट्स काउंटरसाठी नवं पीओएस (पॉइंट ऑफ सेल, म्हणजे विक्री आणि बिलाची यंत्रणा) घ्यायचं ठरलं की चर्चा हमखास स्क्रीनपासून सुरू होते. टच आहे का, बिल किती पटकन निघतं, मोबाइलवर आकडे दिसतात का. विकायला आलेला माणूसही तेच दाखवतो: डबा स्कॅन केला, टिक् झालं, कागद बाहेर आला. साबण-पावडर विकायची असेल तर एवढं पुरतं. पार्ट्स काउंटरवर मात्र बिल फाडणं हा सगळ्यांत सोपा भाग. घोळ होतो तो त्याच्या आधी, नेमका कोणता पार्ट द्यायचा हे ठरवताना. नाहीतर नंतर, जुना पार्ट परत आला का, मागवलेला माल कुणासाठी होता, वर्कशॉपने नेलेला फिल्टर जॉब कार्डावर (गाडीच्या दुरुस्तीच्या कामाच्या नोंदपत्रावर) चढला का, हे शोधताना. म्हणून पीओएस, म्हणजे संगणक, स्कॅनर, कार्ड मशीन, प्रिंटर आणि या सगळ्यांमागचं सॉफ्टवेअर, पारखायचं ते या दोन टोकांना. मधलं बिल कुणीही करून देतं.

एक पॅड, पाच रस्ते

पार्ट्स विभागाला दोन खिडक्या असतात. पुढच्या खिडकीवर गाडीमालक येतो, बाहेरचा गॅरेजवाला येतो. मागच्या खिडकीवर आपल्याच वर्कशॉपमधले मेकॅनिक हातात जॉब कार्ड घेऊन उभे असतात, आणि घाई त्यांनाच जास्त, कारण गाडी लिफ्टवर उघडी पडलेली असते. रॅक मात्र एकच.

आता ब्रेक पॅडचा एक सेट घ्या. गाडीमालकाने नेला तर छापील किमतीला, रोख किंवा कार्डावर. गॅरेजवाल्याने नेला तर ठरलेल्या सवलतीत, खात्यावर. ग्राहकाच्या गाडीच्या कामात लागला तर जॉब कार्डावर. वॉरंटीत बसला तर पैसे ग्राहक देणार नाही, गाडी बनवणारी कंपनी देणार, तेही तिने ठरवलेल्या दराने आणि दावा मंजूर झाल्यावर. आणि डीलरनेच विकायला ठेवलेल्या जुन्या गाडीला बसला तर ती विक्रीच नव्हे, एका विभागाने दुसऱ्यावर टाकलेला खर्च. पॅड तोच, पण किंमत, कर, जमाखर्च सगळं वेगळं.

यातली जॉब कार्डाची वाट खास समजून घ्यायला हवी. तिथे गेलेला पार्ट रॅकवरून उतरलेला असतो, पण विकला गेलेला नसतो. कार्ड बंद होईपर्यंत त्याची किंमत चालू कामात अडकून राहते. साध्या दुकानी पीओएसला ही मधली अवस्थाच ठाऊक नसते. त्याच्या लेखी माल एक तर रॅकवर, नाहीतर विकलेला. मग कुणीतरी तोडगा सुचवतं: ‘वर्कशॉप’ नावाचा एक ग्राहक उघडा आणि त्याच्या नावे शून्य किमतीचं बिल करत जा. डेमोमध्ये हे वाक्य कानावर पडलं की मी तरी पुढचा डेमो बघत नाही. स्टॉक बरोबर उतरेल, कबूल. पण पार्ट्स विभागाचा नफा, वॉरंटीचे दावे, उघड्या कार्डांवर अडकलेला माल, यातलं काहीच हिशेबात दिसणार नाही.

इथूनच मोठा प्रश्न येतो: वेगळं पीओएस घ्यायचं, की डीलरशिप जी सिस्टीम गाडीविक्री, सर्व्हिस आणि हिशेबासाठी वापरते (तिला डीएमएस म्हणतात) तिचाच पार्ट्सचा भाग वापरायचा? वेगळं पीओएस दिसायला देखणं असतं, शिकायला सोपं असतं, बऱ्याचदा स्वस्तही पडतं. डीएमएसचा स्क्रीन पाहून नवा मुलगा पहिल्या आठवड्यात वैतागतो. तरीही वर्कशॉप असलेल्या डीलरशिपने सुरुवात डीएमएसपासूनच करावी, असं माझं मत आहे. स्टॉकचा आकडा दोन सिस्टीममध्ये ठेवला की काही दिवसांत दोन्हीकडचा चुकतो. निव्वळ काउंटरविक्री करणाऱ्या, वर्कशॉप नसलेल्या शाखेसाठी गोष्ट वेगळी.

वेगळंच घ्यायचं असेल तर ‘आमचं इंटिग्रेशन आहे’ एवढ्यावर मान डोलावू नका. काउंटरवर पार्ट विकला की डीएमएसमधला आकडा कधी उतरतो, त्याच क्षणी की रात्री एकदम? रात्री उतरत असेल तर दुपारी चारला पुढच्या खिडकीवरून शेवटची स्टार्टर मोटर गेलेली असते आणि साडेचारला सर्व्हिस ॲडव्हायझर तीच मोटर दुसऱ्या ग्राहकाला आजच्या आज बसवून देण्याचं वचन देतो. दुसरी विचारणा: पीओएसकडून डीएमएसला जाणारा विक्रीचा निरोप मध्येच अडकला तर कुणाला कळतं? सिस्टीम गप्प बसत असेल, तर चूक महिनाअखेरीला हिशेब जुळेनासा झाला की कळते, आणि तोवर तिच्यावर आणखी दहा चुका चढलेल्या असतात.

नेमका पार्ट कोणता

गाडीमालक ‘पुढचा ब्रेक पॅड द्या’ म्हणतो. एकाच मॉडेलला दोन मापांच्या डिस्क असतात, वर्षाच्या मध्येच कारखान्याने पुरवठादार बदललेला असतो, आणि दोन्ही पॅड दिसायला जवळजवळ सारखे. म्हणून पार्ट गाडीच्या नावावरून नाही, चॅसिस क्रमांकावरून काढतात. हा व्हीआयएन १७ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ आणि क्यू ही अक्षरं मुद्दाम वापरत नाहीत, कारण ती १ आणि ०शी गोंधळतात. चांगली सिस्टीम इतकं तरी तपासते: अक्षरं सतरा आहेत का, आणि कुणी शून्याच्या जागी ओ तर टाकला नाही ना.

व्हीआयएनवरून पार्ट शोधायचं काम कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक कॅटलॉगमध्ये होतं. त्यामुळे निवडीतला कळीचा मुद्दा हा की कॅटलॉगमध्ये निवडलेले पार्ट थेट बिलात किंवा जॉब कार्डात येतात का. येत नसतील तर काउंटरवरचा माणूस एका स्क्रीनवरचा दहा आकडी नंबर वाचून दुसऱ्या स्क्रीनवर टाइप करणार. दिवसभरात शंभरदा. एक आकडा इकडचा तिकडे झाला की चुकीचा पार्ट निघणार, तो परत येणार, आणि डबा फाटलेला असला तर रॅकवर पडून राहणार.

आता सुपरसेशन. कंपन्या पार्ट नंबर सतत बदलतात: रबर सुधारलं, पुरवठादार बदलला, दोन पार्ट मिळून एक झाला. जुन्या नंबराच्या जागी नवा नंबर येतो, पण रॅकवर जुना माल शिल्लक असतोच. समजा, अ नंबर बदलून ब झाला आणि पुढे ब बदलून क. रॅकवर अचे दोन नग आणि बचे तीन आहेत, क एकही नाही. ग्राहकाच्या गाडीला कॅटलॉग क सांगतो. सिस्टीमने ‘स्टॉक शून्य’ एवढंच दाखवलं तर पाच नग रॅकवर असताना तुम्ही क मागवणार. पण उलटंही घडतं. बच्या जागी क चालतो, म्हणून कच्या जागी ब चालेलच असं नाही. क कदाचित नव्या ब्रॅकेटसकट आलेला असेल. म्हणजे सिस्टीमला साखळी तर दिसली पाहिजेच, शिवाय प्रत्येक कडी एकाच दिशेने चालते की दोन्ही, हेही कळलं पाहिजे.

याहून सहज निसटणारी बाब म्हणजे मागणीचा इतिहास. वर्षभर अ आणि बला मिळून जी मागणी आली ती कच्या खात्यात पुढे गेली नाही, तर सिस्टीमच्या लेखी क हा कुणीच न मागितलेला नवा पार्ट ठरतो. ती तो मागवायला सुचवणार नाही, आणि नेहमीचा खपाचा माल अचानक संपलेला सापडेल. डेमोमध्ये ही साखळी तुमच्याच पार्टची घेऊन दाखवायला सांगा. विक्रेत्याच्या नमुना डेटात सुपरसेशन फार सरळ असतात.

बारकोडबद्दल थोडक्यात. क्यूआर कोड आज चहाच्या टपरीपासून तिकिटापर्यंत सगळीकडे दिसतो, पण तो जन्माला आला गाडीच्या पार्टांसाठी: जपानच्या डेन्सो वेव्हने तो १९९४ मध्ये कारखान्यातल्या पार्टांचा माग ठेवायला बनवला. गंमत म्हणजे पार्ट्स काउंटरवर अजूनही स्कॅनिंग अडतं. लेबलवर पार्ट नंबराच्या आगेमागे पुरवठादाराचा कोड, नगसंख्या, बॅच असं बरंच काही भरलेलं असतं. त्यातून नेमका नंबर वेगळा काढायचं काम सॉफ्टवेअरचं आहे, स्कॅनरचं नव्हे. तुमच्या रॅकवरचे वेगवेगळ्या पुरवठादारांचे डबे डेमोला घेऊन जा, एखादा ग्रीस लागलेला असला तर उत्तम. आणि क्लिपांचं पाकीट ठेवायला विसरू नका: पाकिटात दहा क्लिपा, खरेदी पाकिटाने, विक्री सुट्टी. दहाचं एक पाकीट स्कॅन केल्यावर सिस्टीम एक उतरवते की दहा, हे तिथल्या तिथे कळतं. तेलाचंही तेच: येतं बॅरलने, जातं लिटरने.

कोअर: परत यायच्या पार्टाचा हिशेब

अल्टरनेटर, स्टार्टर, ब्रेक कॅलिपर, स्टिअरिंग रॅक, टर्बोचार्जर असे पार्ट पुन्हा दुरुस्त करून, नव्यासारखे करून विकले जातात. त्यासाठी जुना पार्ट परत यावा लागतो. त्यालाच कोअर म्हणतात. ग्राहकाकडून पार्टाच्या किमतीवर कोअरची ठेव घेतात आणि जुना पार्ट आणून दिला की ती परत करतात. ऐकायला हे सोपं आहे. पण ज्या सिस्टीमला ते जमत नाही, ती पार्ट्स मॅनेजरला दर महिन्याला रडवते.

पहिली अडचण अशी की ठेवी दोन आहेत. एक ग्राहकाने तुमच्याकडे ठेवलेली, दुसरी तुम्ही कंपनीकडे ठेवलेली. ग्राहकाने कोअर आणला, तुम्ही ठेव परत केली, पण तो कोअर मुदतीत कंपनीकडे पाठवला नाही, तर तुमची ठेव बुडाली. त्यामुळे दोन याद्या लागतात: कोणत्या ग्राहकाकडून कोअर यायचेत, आणि आपल्या कोठीत पडलेल्या कोअरपैकी कोणते कधीपर्यंत कंपनीकडे जायला हवेत.

दुसरी अडचण गॅरेजवाल्याची. तो महिनाभरात पाच अल्टरनेटर नेतो आणि एका दिवशी तीन कोअर एकदम आणून टाकतो. कोणता कोणत्या बिलाचा? सिस्टीममध्ये कोअरचा परतावा मूळ बिलाच्या नेमक्या ओळीला जोडता आला पाहिजे, आणि पाचपैकी तीन आले, दोन बाकी, असं दिसलं पाहिजे. जोडता येत नसेल तर एकाच कोअरवर दोनदा ठेव परत दिली जाते. हे लबाडीनेच होतं असं नाही. घाईत दोन माणसं दोन वेगवेगळी बिलं उघडतात.

तिसरी, परत आलेला पार्ट कसा आहे. बॉडी फुटलेली, शाफ्ट फिरत नाही, किंवा मुळात वेगळ्याच गाडीचा. कंपनी असा कोअर नाकारते किंवा अर्धीच ठेव देते. काउंटरवर तो घेतानाच अवस्था नोंदवून अंशतः परतावा देता आला पाहिजे. आणि हिशेबनीसाने विचारायचा एक प्रश्न: ठेवीची रक्कम कोणत्या खात्यात जाते? ठेव ही कमाई नाही, देणं आहे. ती विक्रीत धरली तर महिन्याचा नफा फुगलेला दिसतो आणि कोअर परत आले की कोसळतो. ठेवीवर कर कसा लागतो हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यावर असतं. सिस्टीममध्ये तिचा कर पार्टाच्या करापासून वेगळा ठरवता आला म्हणजे झालं.

मागवलेला माल आणि न झालेली विक्री

रॅकवर नसलेला पार्ट ग्राहकासाठी खास मागवतात. तो आला की उतरवणाऱ्या माणसाला हा डबा स्टॉकचा नाही, अमुक ग्राहकाचा आहे, हे डबा स्कॅन करताक्षणी कळलं पाहिजे आणि ग्राहकाचं नाव असलेली चिठ्ठी छापून निघाली पाहिजे. नाहीतर डबा रॅकवर जातो, दुसराच कुणी घेऊन जातो, आणि ज्याने आगाऊ रक्कम भरली तो समोर येऊन उभा राहतो. आगाऊ रक्कम त्या ऑर्डरला बांधलेली हवी. नुसती ‘खात्यावर जमा’ असली की ती जुन्या उधारीत वळती होते आणि वाद सुरू.

ग्राहक आलाच नाही तर? खास मागवलेला, कुणी न नेलेला पार्ट हळूच स्टॉकमध्ये सरकतो आणि तिथेच म्हातारा होतो. पार्ट्स विभागातल्या मेलेल्या मालाचा मोठा हिस्सा असाच जमतो. येऊन पंधरा दिवस झालेले, न नेलेले पार्ट कोणते, ही यादी एका क्लिकवर मिळते का बघा. कंपनीकडे परत करायची मुदत संपायच्या आत ती मिळाली तरच तिचा उपयोग.

याच्या उलट बाजूला आहे न झालेली विक्री. ग्राहकाने विचारलं, माल नव्हता, तो निघून गेला. बिल झालं नाही, म्हणजे सिस्टीमच्या दृष्टीने काही घडलंच नाही. पार्टाला मागणी नाही, असाच निष्कर्ष ती काढते. चांगल्या सिस्टीममध्ये ही नोंद एका बटणावर होते. दोन बटणं लागली तर कुणी करणार नाही, हे लिहून ठेवा. नोंदीला कारण मात्र हवं. माल नव्हता म्हणून गेलेला आणि किंमत ऐकून गेलेला, हे दोन वेगळे ग्राहक आहेत. सगळेच न झालेल्या विक्रीत मोजले तर दुसऱ्याच दिवशी सिस्टीम नको तो माल मागवायला सांगेल.

मागणी कशी मोजली जाते हेही विचारा, कारण पार्ट स्टॉकमध्ये ठेवायचा की नाही ते यावरच ठरतं. एकाने एकदाच आठ स्पार्क प्लग नेले आणि आठ जणांनी आठ महिन्यांत एकेक फिल्टर नेला, दोन्हीकडे नग आठच. पण मागणी पहिल्याला एकदा आली, दुसऱ्याला आठदा. ‘बारा महिन्यांत निदान तीनदा मागणी आली तर स्टॉकला ठेवा’ असा नियम लावायचा, तर सिस्टीमने नग नव्हे, वेळा मोजायला हव्यात.

फेरमागणीचं गणित मात्र साधं आहे. एखादा ऑइल फिल्टर रोज सरासरी ४ जातो, माल यायला ६ दिवस लागतात, तर त्या काळात २४ लागणार. त्यावर अडीअडचणीला ८ धरले की ३२वर आल्यावर मागणी नोंदवायची. सिस्टीम चुकते ती गणितात नव्हे, तर रॅकवरचे नग आणि विकता येण्याजोगे नग यांत फरक न करून. रॅकवर ४० आहेत, पण त्यातले १२ उद्याच्या जॉब कार्डांसाठी राखलेले. हाताशी २८च. म्हणजे मागणी आजच जायला हवी. ४० पाहून सिस्टीम निवांत बसत असेल तर ती राखीव माल मोजतच नाही. आणि शिल्लक उणे जाऊ देणारी सिस्टीम असेल, तर तसं झाल्याची यादी रोज सकाळी हवी. उणे आकडा म्हणजे कुठेतरी आवक चढवायची राहिली आहे किंवा चुकीच्या नंबरावर बिल झालं आहे.

किंमत आणि परवानग्या

कंपनीची नवी दरयादी वेळोवेळी येते, हजारो ओळींची. ती एका झटक्यात चढली पाहिजे, आणि आधी दिलेल्या लेखी कोटेशनची किंमत मात्र बदलता कामा नये. गॅरेजांसाठी वेगवेगळे सवलत-स्तर आणि स्वस्त पार्टावर जास्त, महागावर कमी नफा असा तक्ता बहुतेक सिस्टीममध्ये लावता येतो. तिथे एक जागा निसरडी आहे. खरेदी १०० असेल आणि २५ टक्के खरेदीवर चढवले तर विक्री १२५. विक्रीच्या २५ टक्के नफा हवा असेल तर विक्री १३३.३३. तक्त्यातली टक्केवारी यांपैकी कोणती, हे विचारल्याशिवाय आकडे भरू नका.

किंमत बदलणं, बिल रद्द करणं, रोख परतावा देणं या तीन गोष्टींना कोण, कधी आणि का याची नोंद हवी. परतावा मूळ बिल उघडूनच व्हावा, म्हणजे सवलतीत नेलेला पार्ट छापील किमतीला परत येत नाही. बसवून काढलेले सेन्सर, कंट्रोल युनिट असे विजेचे पार्ट बहुतेक डीलर परत घेत नाहीत. तशी खूण पार्टावर असली की काउंटरवरच्या पोराला ग्राहकाशी वाद घालत बसावं लागत नाही, स्क्रीनच सांगतो.

पावतीचा कागदही बघा. थर्मल कागदावरची छपाई उन्हात, गाडीच्या कप्प्यात फिकी पडते आणि पार्टाची वॉरंटी असते महिन्यांची किंवा वर्षाची. बिल ईमेलने किंवा मेसेजने जातं का, आणि नुसत्या फोन नंबरवरून जुनं बिल सापडतं का, हे तपासा.

कार्ड, वीज आणि इंटरनेट

कार्ड मशीन वेगळं ठेवून त्यावर रक्कम हाताने टाइप करायची पद्धत सोपी वाटते, पण रात्री गल्ला जुळत नाही. जोडलेलं मशीन घ्या, ज्यात रक्कम पीओएसकडून मशीनला जाते आणि कार्डाचा नंबर मात्र पीओएसमध्ये कधीच शिरत नाही. कार्डाच्या माहितीच्या सुरक्षेचे पीसीआय डीएसएस हे जागतिक नियम २००४ मध्ये आले, त्यांची ४.० आवृत्ती मार्च २०२२ मध्ये निघाली आणि आधीची ३.२.१ आवृत्ती ३१ मार्च २०२४ रोजी बाद झाली. विक्रेता अजून जुन्याच आवृत्तीचं प्रमाणपत्र दाखवत असेल तर तिथेच थांबा. फोनवरून ऑर्डर देणाऱ्या गॅरेजवाल्याचा कार्ड नंबर चिठ्ठीवर लिहून घेणं तर बंदच करा. पैसे भरायची लिंक पाठवता येते का बघा.

सिस्टीम बंद पडली तर काय, हा प्रश्न पूर्वी कुणी फारसा मनावर घ्यायचं नाही. जून २०२४ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या सुमारे १५ हजार डीलरशिपना सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या सीडीके ग्लोबलवर सायबर हल्ला झाला, कंपनीला आपल्या सिस्टीम बंद कराव्या लागल्या, आणि कितीतरी ठिकाणी लोक कागद-पेनावर आले. सगळं पूर्ववत व्हायला जुलै उजाडला. एकच सिस्टीम वापरा, असं मी वर म्हटलंय, त्याची ही दुसरी बाजू आहे. त्यावरचा उपाय फार भारी नाही: रॅकची जागा, शिल्लक आणि किंमत असलेली यादी रोज रात्री आपोआप वेगळ्या संगणकावर उतरवून ठेवणं, आणि हाताने लिहायची क्रमांकित बिलबुकं कपाटात असणं. पीओएसमध्ये ऑफलाइन बिल होत असेल तर ते खरोखर इंटरनेटची वायर काढून पाहा. नेट परत आल्यावर ती बिलं कोणत्या क्रमांकाने चढतात आणि दोन काउंटरनी एकच शेवटचा नग विकला असेल तर सिस्टीम काय करते, तेही.

डेमो, डेटा आणि करार

डेमोत माऊस विक्रेत्याच्या हातात देऊ नका. तुमच्या काउंटरवरच्या सगळ्यांत जुन्या आणि सगळ्यांत नव्या माणसाला बसवा, आणि गेल्या महिन्यातले सर्वांत किचकट व्यवहार त्यांना करू द्या. एक मी सुचवतो: फोनवर गॅरेजवाल्याचं सहा ओळींचं कोटेशन चालू आहे, मध्येच मेकॅनिक फिल्टर मागतो, तेवढ्यात समोरचा ग्राहक कोअर परत करतो, आणि मग गॅरेजवाला म्हणतो, सहापैकी चार द्या, दोन मागवा. कोटेशन बाजूला ठेवून, बाकीचं आटोपून, पुन्हा तिथेच येता आलं आणि चार ओळींचं बिल व दोन ओळींची ऑर्डर पुन्हा टाइप न करता झाली, तर सिस्टीम काउंटरसाठी बनलेली आहे. पाच स्क्रीन बदलावे लागले, तर ती हिशेबनीसाच्या टेबलासाठी बनलेली आहे.

खर्च पाच वर्षांचा मांडा. महिन्याचं भाडं दिसतं तेवढंच नसतं: प्रत्येक जादा लॉगिनचं, कॅटलॉग जोडण्याचं, कार्ड व्यवहारामागचं, जुना डेटा आणण्याचं आणि प्रशिक्षणाचं शुल्क वेगळं असतं. करारात एक कलम मात्र स्वतः वाचा: सोडून जाताना तुमचा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती शुल्कात मिळणार. ‘मिळेल’ याला अर्थ नाही. छापील पीडीएफमध्ये मिळालेला लाखभर ओळींचा स्टॉक कुठेही चढवता येत नाही.

डेटा हलवताना सगळ्यांत जास्त नुकसान करते ती एक्सेल. पार्ट नंबर हा तिला आकडा वाटतो. टोयोटाच्या पुढच्या ब्रेक पॅडचे नंबर ०४४६५ने सुरू होतात. फाइल साधेपणाने उघडून सेव्ह केली की पुढचं शून्य गायब. मधोमध इंग्रजी ई असलेला नंबर तिला घातांक वाटतो, मधे रेघ असलेला तारीख. एकदा सेव्ह झालं की मूळ नंबर परत येत नाही. म्हणून पार्ट नंबराचा रकाना पहिल्यापासून मजकूर म्हणून घ्यायचा, आणि नंबरात रेघा-जागा ठेवायच्या की काढायच्या हे आधी ठरवून सगळीकडे एकच पाळायचं. नाहीतर एकच पार्ट दोन नंबरांनी नांदतो, एकावर शिल्लक दहा, दुसऱ्यावर उणे दोन.

बदलाचा दिवस महिनाअखेर टाळून ठेवा. आदल्या दिवशी पूर्ण मोजदाद करा. शिल्लक आणि किमती सगळेच हलवतात. राहून जातात त्या अर्धवट गोष्टी: उघडी जॉब कार्डं, खास मागवलेला आणि वाटेत असलेला माल, ग्राहकांची आगाऊ रक्कम, यायचे कोअर, गॅरेजांची उधारी, आणि दोन वर्षांचा मागणीचा इतिहास. या सहांची यादी विक्रेत्याकडून लेखी घ्या, कोणती आपोआप येणार आणि कोणती हाताने चढवावी लागणार. जुनी सिस्टीमही लगेच बंद करू नका. फक्त वाचण्यापुरती ती चालू राहू द्या, निदान सर्वांत लांब पार्ट-वॉरंटीची मुदत संपेपर्यंत. जुनं बिल घेऊन कोअर परत करायला लोक तोवर येतच राहतात.